मार्टची ऑफर गल्लीने मिळून कशी घ्यायची, आणि काय मार्टमधून अजिबात घ्यायचं नाही

आता तालुक्याच्या गावातसुद्धा एक-दोन तरी मार्ट झालीयेत. पूर्वी जळगाव नाहीतर धुळ्याला गेलो की तिथून पिशव्या भरून आणायचो, आता बसस्टँडच्या रोडलाच मोठा बोर्ड, एसी, ट्रॉली सगळं आहे. आणि दर आठवड्याला पेपरात घडी करून आलेलं ते लाल-पिवळं पॅम्प्लेट, तेच दुपारपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार जणींनी फॉरवर्ड केलेलं. बऱ्याच जणी विचारतात की ताई यात खरंच पैसे वाचतात का. वाचतात, चांगले वाचतात, पण एकट्या घराने जाऊन फार नाही. कारण ऑफर असते मोठ्या पाकिटावर, पाचच्या पॅकवर, दीड हजाराच्या बिलावर, आणि आपल्याकडे आता घरात माणसं किती तर तीन नाहीतर चार, पोरं पुण्याला किंवा सुरतला कामाला. एवढा माल एका घरात संपत नाही, मग तो डब्यात पडून राहतो. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर मात्र तीच ऑफर प्रत्येकीला पुरते आणि वाया काही जात नाही. आमच्या गल्लीत हे चाललंय, ते कसं ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी भावाची वही करा. साधी शाळेची वही. त्यात आपण दर महिन्याला नक्की घेतो त्याच वस्तू लिहायच्या, तेल, साखर, तूरदाळ, हरभरा दाळ, पोहे, रवा, शेंगदाणे, चहा, अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, टूथपेस्ट, बस. समोर तीन रकाने, किराणा दुकान, मार्ट, आठवडे बाजार. भाव नेहमी किलोचा नाहीतर लिटरचा लिहायचा, पाकिटाचा नाही. एक महिना नेमाने लिहिलं की पॅम्प्लेट हातात आल्यावर पाच मिनिटात कळतं की यातल्या कोणत्या दोन-तीन गोष्टी खरोखर स्वस्त आहेत, बाकी नुसती चित्रं आहेत. ही वही नसेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही, कारण खोडलेला भाव आणि खालचा भाव यांच्यात फरक दिसतो पण आपल्या किराणावाल्याच्या भावाशी फरक किती ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मग वजन बघायला शिका. एमआरपी तीच ठेवून पाकिटातला माल कमी करायचा हे आता सर्रास चालतं, बिस्कीट, साबण, चहा, सगळ्यात. पूर्वी काही वस्तूंची पाकिटं ठराविक वजनातच काढायचं बंधन होतं, ते आता काढून टाकलंय, त्यामुळे ४०० ग्रॅम, ४५० ग्रॅम, ८७० ग्रॅम असं काहीही येतं. पण त्याच नियमांबरोबर २०२२ पासून पाकिटावर एका ग्रॅमची, एका किलोची किंवा एका मिलीलिटरची किंमत छापायची सोय झाली. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात बघा, तिथे असं काहीतरी असतं की रुपये ०.५२ प्रति ग्रॅम. तो आकडा एमआरपीवरून काढलेला असतो, ऑफरचा भाव वेगळा असेल तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भाव भागिले ग्रॅम करायचं. समजा चहाचं ५०० ग्रॅमचं पाकीट २६० ला आहे आणि शेजारी ४०० ग्रॅमचं ऑफरमध्ये २१६ ला, तर पहिल्यात ग्रॅमला ५२ पैसे पडले आणि ऑफरच्यात ५४. म्हणजे ऑफरवालंच महाग. असं दर वेळी होतं असं नाही, पण बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

ऑफरची भाषासुद्धा नीट वाचायची. ५० टक्के ऑफ आणि ५० टक्के एक्स्ट्रा फ्री या दोन गोष्टी एक नाहीत. ऑफ म्हणजे खरंच अर्धा भाव. एक्स्ट्रा म्हणजे १०० ग्रॅमच्या पैशात १५० ग्रॅम, म्हणजे हिशोब केला तर ३३ टक्केच सूट. दोनवर एक फ्री, तेही ३३ टक्केच. एकावर एक फ्री असेल तर अर्ध्या भावात पडतं, पण दोन्ही वापरणार असाल तर.

आता तेलाचं, कारण खान्देशात तेल जास्त लागतं हे सांगायला नको, शेवभाजीला तर्री पाहिजे, भरिताला वरून फोडणी पाहिजे, आणि घरखर्चात सगळ्यात मोठा आकडा तेलाचाच असतो. तेलाची पिशवी लिटरची आहे असं समजून आपण उचलतो पण तिच्यावर कधी ९१० ग्रॅम असतं, कधी ८७० तर कधी ८५० सुद्धा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, तेव्हा ९१० च्या खाली लिहिलं असेल तर ते लिटर नाही. दोन पिशव्या हातात घेऊन नुसत्या तोलल्या तरी फरक कळत नाही, तो वाचावाच लागतो, मागच्या बाजूला खाली लिहिलेला. डब्याचं त्याहून जास्त. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा दिसायला सारखेच, पण १५ लिटर म्हणजे साधारण १३ किलो ६५० ग्रॅम, दोघांत सव्वा किलोपेक्षा जास्त तेलाचा फरक. मार्टमध्ये स्वस्त डबा लागला म्हणून आनंदात घरी यायच्या आधी लिटर आहे की किलो आहे ते बघा, आणि किराणावाल्याच्या डब्याशी तुलना करताना दोन्हीचा किलोचा भाव काढून करा.

डबा तीन घरात वाटायचा असेल तर मापाने वाटू नका, वजनाने वाटा. १५ लिटरचा डबा तिघीत म्हणजे प्रत्येकी ४ किलो ५५० ग्रॅम. ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा ठेवायचा, आधी रिकामी बरणी ठेवून शून्य करायचं, मग ओतायचं. बरणी स्टीलची, आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवलेली, आत पाण्याचा थेंब नको, नाहीतर तेलाला वास येतो. हे काम दुपारी गल्लीत सावली आल्यावर करायचं, तेव्हा सगळ्या बाहेर असतात, सगळ्यांच्या समोर वाटणी होते, आणि नंतर कोणाच्या मनात काही राहत नाही.

दीड हजाराच्या वर बिल झालं की साखर ९ रुपये किलो, अशी ऑफर असते ती मिळून घेण्यासारखी सगळ्यात चांगली. ज्यांचं महिन्याचं मार्टचं सामान सात-आठशेचंच आहे अशा दोन घरांनी एक बिल करायचं आणि साखर अर्धा-अर्धा किलो वाटून घ्यायची. पण ज्या घराचं दीड हजार तसंही होतंय तिने दुसरीत मिसळायचं नाही, कारण बहुतेक ठिकाणी एका बिलाला एकच साखर, दोघींचं तीन हजाराचं एक बिल केलं तर एक किलो हातचा जातो. आणि बारीक अक्षरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की तेल, साखर, तूप बिलाच्या रकमेत धरलं जाणार नाही, ते काउंटरला जायच्या आधीच विचारून घ्या. साखरेसाठी म्हणून तीनशे रुपयाच्या नको त्या वस्तू ट्रॉलीत टाकायच्या नाहीत, एवढं मात्र पाळाच, कारण साखरेत वाचतात तीस-पस्तीस रुपये.

तारखा बघायच्या. एकावर एक फ्री असतं त्यात पुष्कळदा संपत आलेल्या तारखेचा माल असतो, त्यात वाईट काही नाही, पाच घरात आठवड्यात संपणार असेल तर खुशाल घ्या. नूडल्स, सॉस, बिस्किटं, ज्यूस, यांचं असंच असतं. काही पाकिटांवर शेवटची तारीख न लिहिता पॅकिंगपासून इतके महिने असं असतं, तिथे बोटावर मोजून बघायचं. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन, तयार आटा यांच्या मोठ्या पॅकच्या ऑफरला हात लावू नका, दमट हवेत दोन आठवड्यात जाळी धरते, सोंडे होतात. रवा घेतलाच तर आणल्या दिवशी भाजून गार करून डब्यात भरा. साबण, पेस्ट, भांड्यांची वडी, कपड्यांची पावडर, मीठ, हे वर्षभर कधीही मिळून घेतलं तरी चालतं, आणि खरी बचतही याच्यातच आहे.

एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदललाय. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, फरसाण यांच्यावरचा कर ५ टक्क्यांवर आला. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ मध्येच राहिली. तेव्हा वहीतले त्याच्या आधीचे भाव आता धरायचे नाहीत, साबण-पेस्टचे नव्याने लिहायचे, नाहीतर कर कमी झाल्यामुळे उतरलेला भाव आपल्याला ऑफर वाटतो.

काउंटरवर घाई करायची नाही. मागे रांग असू द्या. शेल्फवर एक भाव आणि बिलात एक भाव हे होतं, मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही, कॉम्प्युटरमध्ये ऑफर चढवायची राहून जाते. म्हणून ऑफरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा आणि बिल तिथेच उभं राहून वाचायचं. दाखवलं की काउंटरवरची पोरगी लगेच दुरुस्त करून देते, बिचाऱ्या आपल्याच गावच्या असतात. एमआरपीमध्ये सगळे कर आलेले असतात, त्याच्यावर एक रुपया कोणी मागू शकत नाही. फारच अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५, मराठीत बोलता येतं, बिल जपून ठेवलेलं पाहिजे. आणि पिशव्या घरून न्या, तिथल्या पिशवीचे पैसे लावतात.

आता मिळून घ्यायचं म्हणजे माणसं आली, पैसे आले, तेव्हा काही गोष्टी पहिल्यापासून ठरवून घेतलेल्या बऱ्या. घरं चार-पाच असावीत, दहा झाली की हिशोब लागत नाही. यादी ग्रुपवर आदल्या रात्रीपर्यंतच द्यायची, सकाळी निघताना कोणी माझं एवढं पण आण म्हटलं तर प्रेमाने पुढच्या आठवड्यावर ढकलायचं. पैसे आधी जमा करायचे, फोन पे करा नाहीतर रोख द्या, पण आधी. एकीने नेहमी खिशातून घालायचे आणि मग महिनाभर मागत फिरायचं, याच्यातच शेजार तुटतो. आळीपाळीने दोघींनी जायचं, रिक्षाचं भाडं सगळ्यांत. बिलाचा फोटो मार्टच्या दारातूनच ग्रुपवर टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत पै-पैचा हिशोब पूर्ण करायचा, दोन-पाच रुपये उरले तर ते पुढच्या रिक्षाला. भिशी चालवलेली बाई गल्लीत असतेच, हिशोब तिच्याकडे द्या, तिची वही कधी चुकत नाही.

आणि गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना यात घ्याच. आमच्या कोपऱ्यावरच्या आजी, मुलगा सुरतला, फोन साधा बटणाचा, त्या कुठून बघणार पॅम्प्लेट. त्यांना पाचच्या पॅकमधला एकच साबण लागतो. दारावरून जाताना आवाज देतात, "मन्हा एकच साबन ठेवजो वं माय," आणि पदराच्या गाठीतले सुटे पैसे काढून हातावर ठेवतात, तेही पॅकच्या भावाने पडले तेवढेच घ्यायचे, ना जास्त ना कमी. कमी घेतले तर त्यांना आवडत नाही. एकट्या माणसाला मार्टची एकही ऑफर लागत नाही, तिथे सगळं जोडीने आणि पाचाने, आणि एकटीला सगळ्यात लहान पाकीट म्हणजे सगळ्यात महाग पाकीट घ्यावं लागतं. हे मला फार लागतं मनाला. गल्लीने मिळून घ्यायचं तर त्याचा खरा फायदा आधी त्यांना झाला पाहिजे.

आता काय मार्टमधून घ्यायचं नाही ते. भाजी नाही. एसीत पाणी मारून ठेवलेली मेथी दिसते छान, पण आठवडे बाजारात सकाळी शेतातून आलेली मेथी आणि ती यात काय तुलना. आणि वांगी तर नाहीच नाही. भरिताचं वांगं ते मोठं, हिरवट-पांढरं, कमी बियांचं, ज्याला जळगावचं भरीत वांगं म्हणून २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते थंडीत बाजारात ढिगाने येतं, बामणोद गावाकडची तर नावानिशी विकली जातात. कपाशीच्या काड्यांवर भाजायची वांगी प्लॅस्टिकच्या ट्रेमधून आणायची नसतात. केळी तशीच, रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून मार्टमध्ये स्टिकर लावलेली केळी कशाला. पावसाळ्यात सातपुड्याकडून बाया रानभाज्या घेऊन येतात, त्या तर कुठल्याच मार्टमध्ये नसतात. बाजारात सकाळी निवडक माल मिळतो, दिवस कलल्यावर वाटे लावतात तेव्हा स्वस्त पडतं, दोन घरांत मिळून एक मोठा वाटा घ्यायचा. फक्त एक, मार्टमध्ये छापील भाव गुपचूप देतो ना आपण, मग बाजारात दहा रुपयाच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी त्या बाईशी घासाघीस करायची नाही. तिला घरी जायची बस पकडायची असते.

दाळ मार्टमध्ये ऑफरमध्ये असली तरी आधी गावातला भाव बघा. जळगावला दाळमिल इतक्या आहेत की चांगली तूरदाळ आपल्याकडे सुट्टी मिळते आणि डोळ्याने बघून, दाताखाली धरून घेता येते. वर्षाची भरायची असेल तर उन्हाळ्यात, पाच घरांची मिळून मागवली की दुकानदार भावात उतरतो, मग ऊन दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत. गहू आणि दादर ज्वारी पण तसेच, चक्कीवर दळून आणायचं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ तर मार्टमध्ये शोधूच नका. लाल मिरची नंदुरबारची, हंगामात, देठासकट घेऊन घरी वाळवून कुटायची, वर्षभर तिखटाच्या पाकिटाची ऑफर बघायची वेळ येत नाही.

आणि किराणावाला सोडायचा नाही, हे मी हात जोडून सांगते. आपल्या भागात घर कापसावर चालतं. कापूस निघतो दिवाळीच्या आगेमागे, विकला की पैसे हातात. तोपर्यंत आषाढ-श्रावणात घरात पैसा नसतो तेव्हा वहीवर सामान कोण देतं, मार्ट देतं का? रात्री नऊला पाव्हणे आले की शेव आणि अर्धा लिटर तेल कोण देतं? गल्लीत मयत झाली तर कुलूप उघडून सामान कोण काढून देतं? म्हणून आमच्या गल्लीत ठरलेलं आहे की साबण-पावडर-पेस्ट मार्टमधून, पण ऑफरची ती किलोभर सोडून बाकी साखर, दाळ, शेंगदाणे, पोहे, गूळ दुकानातूनच, आणि पैसे आले की त्याची उधारी आधी. त्याला मार्टचं पॅम्प्लेट नेऊन दाखवा, लाजायचं कारण नाही. पाच घरांची मिळून पंचवीस किलो साखर एकदम घेतो म्हटलं तर ५० किलोच्या पोत्यातला भाव तोही लावतो, कधी तर मार्टच्या भावाला येऊन टेकतो. त्याचं दुकान पाच वर्षांनी पण उघडं पाहिजे असेल तर त्याला विचारल्याशिवाय मार्टला जायचं नाही.

सणांचा अंदाज आधीपासून धरा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, चैत्र-वैशाखाच्या उन्हात बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया, उडदाचे पापड होतात, आज हिच्या गच्चीवर उद्या तिच्या, तेव्हा उडीद दाळ, तीळ, पापडखार, तेल एकदम लागतं, ते महिनाभर आधी मिळून घेतलं तर स्वस्त पडतं, ऐन वेळी सगळं चढतं. श्रावणात कानबाईचा सण, भाऊबंद जमतात, रोटांना गहू आणि हरभरा दाळ, वर गूळ-साखर-तूप, त्याची खरेदी आषाढातच उरकायची. दिवाळीला मार्टची खरी गर्दी असते आणि तेव्हा मैदा, रवा, तूप, सुकामेव्याच्या ऑफरी खऱ्याच चांगल्या असतात, पण शेवटच्या चार दिवसांत शेल्फं रिकामी होतात, तेव्हा वसुबारसेच्या आठवडाभर आधी जाऊन यायचं, ते पण सकाळी उघडताना.

सुरुवात करायची तर एकदम सगळं करू नका. तीन घरं घ्या ज्यांच्यात आधीच देणं-घेणं आहे, वाटीने साखर देणारी. पहिल्या महिन्यात फक्त दोन वस्तू, अंगाचा साबण आणि कपड्यांची पावडर. पावडरीची मोठी पिशवी वाटायला प्लॅस्टिकच्या झाकणाचे कोरडे डबे आणि काटा आधी तयार ठेवा. दुसऱ्या महिन्यात तेल धरा. तोपर्यंत वहीत भाव बऱ्यापैकी जमलेले असतील, आणि कोण वेळेवर पैसे देतं तेही कळलेलं असेल.